सुमनताईंचे जर्मन बदाम

नोव्हेंबर संपत आला की आमच्या सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या बिल्डिंगमध्ये साखरेच्या पाकाचा वास सुटतो. तो दुसऱ्या मजल्यावरच्या सुमन बागूल यांच्या स्वयंपाकघरातून येतो, हे पत्ता न विचारता कुणीही सांगेल. संक्रांतीला अजून दीड महिना असतो, पण त्यांची परात चढलेली असते. सुमनताई काटेरी हलवा करतात. नव्या सुनांना आणि वर्षाच्या आतल्या बाळांना संक्रांतीला जे पांढरेशुभ्र दागिने घालतात, ते त्या याच हलव्याचे ओवतात. सिल्वासा, वापी, दमण इथल्या बऱ्याच मराठी घरांत त्यांच्याच हातचे दागिने जातात.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. धनश्री पेडणेकर, सरकारी शाळेत भूगोल शिकवते. माझा एक दुर्गुण साऱ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. मला प्रश्न पडला की तो माझ्या पोटात राहत नाही. नवरा म्हणतो, तू शिक्षिका झालीस म्हणून बरं, नाहीतर लोकांनी तुला दारात उभं केलं नसतं.

तर गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी पाकाच्या वासात दालचिनीचा वास मिसळलेला आला. हलव्यात दालचिनी? मी चहाचा कप तसाच ठेवला आणि त्यांच्याकडे गेले.

ओट्यावर वर्तमानपत्रावर अर्धा किलो बदाम पसरले होते. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्यात पांढऱ्या दाढीचा एक माणूस तांब्याच्या कढईत काहीतरी ढवळत होता. आवाज बंद होता.

"आवाज का बंद केलाय?" मी विचारलं.

"चालू करून काय करू मॅडम? जर्मनमधे बोलून राह्यला तो," सुमनताई म्हणाल्या. "त्याचे हात बघते मी. हाताची भाषा कळते आपल्याला."

सुमनताई मूळच्या सटाण्याकडच्या. लग्न होऊन सिल्वासाजवळच्या गलोंड्याला आल्या तेव्हा त्यांचा नवरा रघुनाथ यार्नच्या कारखान्यात मशीन चालवायचा. सुमनताईंनीही तिथंच पॅकिंगमध्ये अकरा वर्षं काढली. रघुनाथभाऊ हृदयविकारानं गेले तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी दुर्गा दहावीत होती, माझ्याच वर्गात. पुढं दिवसभर उभं राहून सुमनताईंचे पाय सुजायला लागले. त्यांनी नोकरी सोडली आणि माहेरी मावशीकडून शिकलेला हलवा पुन्हा हातात घेतला.

हलवा हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. परात मंद आचेवर ठेवायची, त्यात तीळ किंवा खसखस पसरायची, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. असं करता करता दाण्यावर पांढरा काटा उठतो. आच जराशी जास्त झाली की पाक पिवळा पडतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. मावशीनं त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: रंग दिसायच्या आत परात खाली घ्यायची. एकदा बारा वर्षांच्या सुमनकडून हलवा पिवळा झाला, तर मावशीनं तो तिच्यादेखत म्हशीपुढं ओतला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही. चाळीस वर्षं झाली, पण हे सांगताना सुमनताईंचा चेहरा अजून पडतो.

"पण हे बदाम कशाला?" मी मुद्द्यावर आले.

सुमनताईंनी गॅस बारीक केला आणि सांगायला लागल्या. दुर्गा नर्स झाली, जर्मन शिकली, आणि चार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कासेल शहरात एका रुग्णालयात रुजू झाली, एवढं मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. पहिल्या हिवाळ्यात ती पार खचली होती. दुपारी चार-साडेचारला अंधार पडायचा. परीक्षा पास होऊन शिकलेली भाषा वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकताना कळायची नाही. एक दिवस तिनं बॅग भरली, परतीचं तिकीट काढलं आणि स्टेशनाकडे निघाली. वाटेत नाताळचा बाजार लागला. एका टपरीवर साखरेत घोळवलेले गरम बदाम कागदाच्या कोनात मिळत होते. तिनं ते घेतले, खाल्ले, आणि बॅग ओढत पुन्हा खोलीवर गेली. हे तिनं आईला सांगितलं ते तीन वर्षांनी, फोनवर, हसत हसत, दोन वाक्यांत.

सुमनताई मात्र हसल्या नव्हत्या. "ज्या बदामानं माझी पोर तिकडं ठेवून घेतली, तो बदाम मला एकदा बघायचाय मॅडम," त्या म्हणाल्या.

"बघून काय करणार?"

मग त्यांनी बेत सांगितला. दुर्गा जानेवारीत तीन आठवड्यांसाठी येणार होती. आपल्या इथं नव्यानं निघालेल्या एका खाजगी रुग्णालयात नर्सची जागा होती. सुमनताई स्वतः जाऊन मेट्रनबाईंना भेटून आल्या होत्या आणि त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. दुर्गाला यातलं काही माहीत नव्हतं. ती आली की आधी ते बदाम तिच्यापुढं ठेवायचे आणि मग विचारायचं.

"तिकडं जे होतं ते आईच्या हातचं इथं मिळून राह्यलं म्हटल्यावर ती कशाला जाईल परत?" सुमनताई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. बदामासाठी कुणी देश सोडतं का, असं ओठांवर आलं होतं. पण मूठभर बदामांसाठी दुर्गा विमानात बसायची थांबली, हे तर घडलेलं होतं. मग आईनं तोच बदाम उलट्या दिशेनं वापरून बघितला तर तिला वेडी म्हणायचा मला काय अधिकार? शिवाय खरं सांगायचं तर मला बदामांचं कुतूहल वाटायला लागलं होतं. दुर्गाचं काय होईल ते होवो, असं काय असतं त्या बदामात?

पहिला घाणा माझ्यासमोरच झाला. कढईत पाणी, साखर, दालचिनीची पूड आणि सालीसकट बदाम. पाक उकळला, दाट झाला, बुडबुडे जड झाले. सुमनताईंनी मोबाईल पालथा घातला. पाक आळायला लागला की त्या कुणाकडेच बघत नाहीत, देव आला तरी थांब म्हणतील. पाणी आटलं आणि बघता बघता साखर सुकून रेतीसारखी झाली. एकेका बदामावर पांढरा खरखरीत थर चढला. सुमनताईंनी खटकन गॅस बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मी एक तोंडात टाकला. गोड होता, छान होता. बदामावरचा हलवाच म्हणा ना.

"पण व्हिडिओतले तपकिरी दिसतात," मी म्हटलं.

"दालचिनी जास्ती घातली असंल त्यानं."

पुढच्या खेपेला त्यांनी दालचिनी दुप्पट केली. ते बदाम खाऊन माझी जीभ जेवणापर्यंत चुरचुरत होती. तिसऱ्या खेपेला मामरा बदाम आणून बघितले, चौथ्या खेपेला साखर बदलली. किराणावाला तर सुमनताई दिसल्या की आपणहून गुजरातीत विचारायचा, "बेन, आजे मामरो आपूं के कॅलिफोर्निया?" बदाम कुठलेही असोत, शेवटी पांढरेच व्हायचे. सुमनताई म्हणायच्या, आता जमले. मी म्हणायचे, तपकिरी नाहीत. आमचं असं पंधरा दिवस चाललं.

शेवटी मीच म्हटलं, ज्याचं पक्वान्न त्यालाच विचारू. माझा नवरा जयवंत जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं जर्मनीहून मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक तंत्रज्ञही आला होता. सुमनताईंनी स्टीलचा डबा भरून दिला, वर कागदी रुमाल घातला, आणि जयवंतला दोनदा बजावलं की डबा सरळ धरा. लग्नाच्या बोलणीला जाणाऱ्याला सांगावं तसं सांगितलं.

संध्याकाळी जयवंत परत आला तेव्हा आम्ही दोघी जिन्यातच उभ्या होतो.

"चार खाल्ले त्यानं," जयवंत म्हणाला. "फार आवडले. मग विचारलं, ही तुमच्याकडची कोणती मिठाई?"

सुमनताईंनी त्याच्या हातातला डबा घेऊन झाकण उघडून बघितलं.

"मी म्हटलं, तुमचीच आहे. तर हसायला लागला. म्हणे, चांगलं आहे, पण हे अर्ध्यावर थांबलंय. अजून आचेवर ठेवायला हवं होतं."

"अर्ध्यावर?" सुमनताई म्हणाल्या. "काटा बघितला का म्हणा त्यानं? एकेका दान्यावर उठलाय. मशीनचे बोल्ट आवळणाऱ्याला काय कळतं साखरेतलं." आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस त्यांनी दार उघडलं नाही. मला त्यांचा राग आला आणि त्या जर्मनाचाही आला. पण प्रश्न काही गप्प बसू देईना. मी तो व्हिडिओ आमच्या टीव्हीवर लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. तेव्हा दिसलं. साखर पांढरी झाल्यावर तो दाढीवाला थांबतच नाही. ढवळतो, ढवळतो, आणि ती सुकलेली साखर पुन्हा वितळायला लागते. सुमनताईंनी मोबाईल पालथा घातलेला असायचा तेव्हाच नेमकं हे होऊन जायचं. एवढे दिवस आम्ही निम्माच व्हिडिओ बघत होतो.

मी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, मागे घेऊन पुन्हा बघितलं.

"जळंल ती साखर," त्या म्हणाल्या.

"थोडी जळायलाच हवी असेल. त्यांच्याकडे या प्रकाराला जळके बदामच म्हणतात, मी शोधून काढलंय."

"जळकं खाऊ घालू का पोरीला?"

"ती तिकडे तेच खाऊन राहिली ना?" मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. सुमनताईंनी पदर खोचला आणि कढई काढली.

साखर पांढरी झाली. मी म्हटलं, आता थांबायचं नाही. त्या हो म्हणाल्या आणि कढई उतरवून मोकळ्या झाल्या. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. तिसऱ्यांदा तर त्यांचा हात कढईच्या कानाला लागलेला त्यांनाच कळला नाही.

"हात ऐकत नाही मॅडम," त्या हताश होऊन म्हणाल्या. "मी काय करू?"

मग मी त्यांना खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात मांडीखाली घ्यायला लावले आणि उलथनं स्वतः घेतलं. मला साधा शिरा नीट जमत नाही. पण ज्याला काही येत नाही त्याला भीतीही नसते. मी ढवळत राहिले. आधी काहीच होईना, कोरडी साखर नुसती खरखरत होती. मग कढईच्या तळाशी ती ओली झाली, पिवळी पडली.

"गेलं," सुमनताई म्हणाल्या.

"गेलं नाही अजून."

पिवळ्याची चहाच्या रंगाची झाली, बदामांना चिकटायला लागली, आणि असा काही वास सुटला की समोरच्या दारातून जयवंत उठून आला. सुमनताईंनी डोळे मिटून घेतले होते. बदाम चकाकायला लागले तेव्हा मी ते तूप लावलेल्या ताटात ओतले आणि दोन चमच्यांनी सुटे केले.

गार झाल्यावर सुमनताईंनी एक उचलला. दाताखाली कटकन आवाज झाला. त्यांनी सावकाश चावला, गिळला, दुसरा घेतला.

"हे निराळंच आहे काहीतरी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एवढी वर्षं मी पांढऱ्यावर खाली उतरवून राह्यले. याच्यापुढं साखरेत अजून काही असंल, असं डोक्यातच आलं नाही." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं आणि थोडं दुःखही. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांना काही धरबंध उरला नाही. हलव्याच्या ऑर्डरी बाजूला, आणि कढईत आज शेंगदाणे, उद्या काजू, परवा चारोळी. साखर पिवळी कधी होते, लाल कधी होते, कडू कधी होते, हे त्या वहीत लिहून ठेवायला लागल्या. एकदा मुद्दाम काळी करून बघितली आणि ती चाखून मला बोलवायला आल्या, कडू कसं लागतं ते बघा म्हणून. बावन्न वर्षांची बाई, पण माझ्या सातवीच्या वर्गात असा एक तरी असावा, असं मला वाटायचं. डिसेंबर संपेपर्यंत त्यांचे बदाम असे झाले की परत जाता जाता त्या तंत्रज्ञानं दोन डबे मागून नेले.

जानेवारीच्या नऊ तारखेला दुपारी दुर्गा आली. चार वर्षांत अंगानं भरली होती आणि केस कापले होते. मला वाकून नमस्कार केला, "कशा आहात मॅडम?" म्हणाली. सुमनताईंनी तिला हातपाय धुवायला लावले, जेवायला वाढलं, आणि ती जेवत असतानाच कढई चढवली. मला थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी थांबले. न सांगता सुद्धा थांबले असते.

वास आल्याबरोबर दुर्गा ताटावरून उठली आणि खरकट्या हातानंच ओट्याशी आली. गरम बदाम फुंकून तोंडात टाकला. तिचे डोळे भरून आले.

"अगदी तसेच," ती म्हणाली. मग आईकडे बघून म्हणाली, "आई, तू पांढरे झाल्यावर थांबली नाहीस?"

सुमनताईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"मी थांबले होते," दुर्गा म्हणाली. "ते बदाम खाऊन नाही गं मी परत फिरले. मी रडत होते तिथं उभी राहून. टपरीवाल्या आजीनं बघितलं. तिची मदतनीस आली नव्हती आणि ही गर्दी. तिनं मला हाताला धरून आत घेतलं, लाकडी उलथनं दिलं आणि कढईपुढं उभं केलं. मला काय, पाक कळतो. साखर पांढरी झाली तसा मी गॅस बंद केला आणि तिला म्हटलं, झालं. ती इतकी हसली, इतकी हसली. मग गॅस पुन्हा लावून दिला. त्या दिवशी ट्रेन गेली ती गेलीच. आता दर डिसेंबरात ड्यूटी सुटली की मी तासभर तिच्याकडे जाते."

एकदा सुरू झाली आणि दुर्गा थांबेना. वॉर्डातले एक आजोबा तिच्या प्रत्येक वाक्यातली चूक काढतात आणि ती रजेवर असली की जेवत नाहीत. तिनं जुनी सायकल घेतलीय. रोज एका नदीवरून जाते, फुल्डा नावाची. "मॅडम, तुम्ही शिकवलेल्या नकाशात ती नव्हती," ती मला म्हणाली. मी म्हटलं, माझ्या नकाशात फक्त ऱ्हाईन होती. खोलीच्या खिडकीत तिनं कोथिंबीर लावलीय, शेजारीण त्या वासाला नावं ठेवते. पुढच्या वर्षी तिला ऑपरेशन थिएटरचं शिक्षण घ्यायचंय. फोनवर चार वर्षांत जेवढं ऐकलं नसेल तेवढं सुमनताईंनी त्या दुपारी ऐकलं.

मी त्यांच्याकडे बघत होते. आता विचारतील, मग विचारतील. बदाम संपत आले तरी त्या विचारेनात. माझ्यानं राहवलं नाही.

"सुमनताई, तुम्हाला दुर्गाला काहीतरी विचारायचं होतं ना?"

दुर्गानं वळून बघितलं. "काय गं?"

सुमनताई पदराला हात पुसत होत्या. "इथं एका दवाखान्यात तुझ्यासाठी जागा बघितली होती," त्या म्हणाल्या. "इकडंच राहतेस का, म्हणून विचारणार होते."

दुर्गाचा चेहरा एकदम बदलला. ती आईच्या जवळ सरकली. "आई... म्हणजे बघू ना. तू एकटी असतेस, मला कळतं. तुला तसं वाटत असेल तर मी..."

"हे बघ," सुमनताई म्हणाल्या. "तिकडचं सांगत होतीस तासभर, तर माझ्याकडं एकदाबी बघितलं नाहीस. आणि आता माझं तोंड बघून एकेक शब्द काढून राह्यलीस."

दुर्गानं आईचा हात धरला.

"मला वाईट वाटलं," सुमनताई म्हणाल्या. "लई वाटलं. खोटं कशाला बोलू? रोज वाटंल. पण आता नाही विचारत."

दुर्गा आईच्या गळ्यात पडून रडली आणि सुमनताई तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी तोंड फिरवून ताटातले उरलेले बदाम सुटे करत बसले, सुटेच होते तरी. थोड्या वेळानं सुमनताईंनी डोळे पुसले आणि मोबाईल उचलून मेट्रनबाईंना फोन लावला.

"नमस्ते मॅडम, सुमन बागूल बोलते. ती जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, नाही. पोरगी आलीय, बोलणं झालं. तिला नोकरी आहे, चांगली आहे. तिच्या घराजवळच आहे."